ऊब आणि धग : पौषातील वाचनाच्या निमित्ताने

१

थंडीचे दिवस, बंद खिडक्या, अंगावर रजई आणि हातात पुस्तक हे वाचनसुखाचे चित्र आता इतके रूढ झाले आहे की, ते मराठी वाचनव्यवहारात केव्हा आणि कोठून आले, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. थंडीचा एखादा महिना वाचनात घालवावा आणि पुढे त्याचे समाधानाने स्मरण करावे, हे आपण वाचनसंस्कृतीचे लक्षणच मानतो. या समाधानाची चिकित्सा मात्र समीक्षेने फारशी केलेली नाही. वाचन उबदार झाले, असे आपण म्हणतो तेव्हा पुस्तकाविषयी काही म्हणत असतो की पांघरुणाविषयी? हा प्रश्न वरकरणी हलका वाटला, तरी तो आस्वादप्रक्रियेच्या एका मूलभूत अंगाशी जाऊन भिडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठी परंपरेत वाचनाचा ऋतू हिवाळा नव्हे, पावसाळा आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात गावोगाव पोथी लावली जाते. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारखे ग्रंथ या चार महिन्यांत देवळात किंवा कोणाच्या तरी ओसरीवर वाचले गेले आणि त्यांचा श्रोतृवर्ग अक्षरओळखीच्या सीमेने कधी बांधला गेला नाही. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि इतरांनी ऐकावे, अशी ही व्यवस्था होती. तीत वाचन ही क्रिया एकट्याची नव्हती.

वाचनाचा दुसरा ऋतू छपाईने निर्माण केला. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंकांची जी प्रथा पडली, तिने आश्विन-कार्तिकात हाती आलेले वाचन मार्गशीर्ष-पौषापर्यंत पुरवण्याची सवय मध्यमवर्गाला लावली. हिवाळी वाचनाचा मराठी आधार काही असेलच, तर तो हा आहे. शेगडीजवळच्या एकांत वाचनाचे चित्र मात्र इंग्रजी शिक्षणाबरोबर आले असावे, असे मानण्यास जागा आहे. विल्यम कूपरच्या ‘द टास्क’ (१७८५) या दीर्घकाव्याचा चौथा सर्ग हिवाळ्यातील संध्याकाळीला वाहिलेला आहे. बाहेर थंडी, आत विस्तव आणि टपालाने आलेल्या वर्तमानपत्रातून दुरून पाहिलेले जग, असा त्याचा मांडणीबंध आहे. १८४३ मध्ये डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ने नाताळ आणि पुस्तक यांची सांगड पक्की केली. ज्या देशात हिवाळा घरात कोंडून ठेवतो, तेथे हे स्वाभाविकच होते.

आपल्याकडे दारे-खिडक्या लावून घेण्याचे सुख अपरिचित होते, असे नाही. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’च्या पाचव्या सर्गात शिशिराच्या वर्णनात बंद गवाक्षांची घरे, अग्नी, कोवळी उन्हे आणि जाड वस्त्रे ही सर्व सामग्री आहे. पण तेथे पुस्तक नाही. ते सुख दोघांचे आहे, शृंगाराचे आहे. हिवाळ्याच्या उबेत पुस्तक ठेवण्याचे काम आधुनिक वाचकाने केले, आणि ते ठेवताना दुसऱ्या माणसाला त्याने तेथून काढून टाकले. ही घटना लहान नाही.

२

सरलेला पौष मी सिंदी (रेल्वे) येथे काही ठरावीक पुस्तके पुन्हा वाचण्यात घालवला. वर्ध्याला लागूनच सिंदी (मेघे) असल्यामुळे या गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हे विशेषण कंसात लिहावे लागते. सेलू तालुक्यातील हे लहान शहर मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, तो मुख्यतः वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी. ज्या गाड्यांनी कापूस बाहेर नेला, त्याच गाड्यांनी मासिके, वर्तमानपत्रे आणि दिवाळी अंकांची पार्सले आत आणली. सिंदीसारख्या गावातील आधुनिक वाचकाचा इतिहास आणि कापसाचा इतिहास असे एकाच रुळावरून आलेले आहेत.

विदर्भ उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असला, तरी येथील थंडीही कमी नसते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. पौषात उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की, या सपाट मुलखात त्याला अडवणारे काही नसते. पण याच दिवसांत शेतात कापसाची वेचणी चालू असते. सकाळी दवाने ओल्या झालेल्या पऱ्हाटीत बायका ओटीत कापूस वेचत असतात आणि त्यांची मजुरी किलोच्या हिशेबाने ठरते. तूर काढणीला आलेली असते. हरभरा आणि गहू ओलिताची वाट पाहत असतात. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळाली, तर पाणी रात्रीच द्यावे लागते. म्हणजे मध्यरात्री, गार पाण्यात पाय ठेवून, एका हातात कंदील किंवा बॅटरी धरून दांड फोडावा लागतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी केलेली जागल वेगळीच. पौषातील रात्र ज्यांना मोकळी मिळते, ते या मुलखात थोडेच आहेत.

हे सांगण्याचा उद्देश वाचकाच्या मनात अपराधभाव जागवणे हा नाही. तसा भाव साहित्यविचाराला कितपत उपयोगी पडतो, याविषयी पुढे लिहावयाचेच आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, वाचकाच्या रजईतला कापूस कोणत्या तरी वेचणीचा आहे, आणि उबेचे स्वरूप तपासावयाचे तर तिचा हा पुरवठाही ध्यानात घ्यावा लागतो.

या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांत स. आ. जोगळेकर यांनी संपादित व अनुवादित केलेली हालाची ‘गाथासप्तशती’ (१९५६), साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) ही चार होती. प्राकृत मुक्तके, आठवणींचे कथन, प्रादेशिक कादंबरी आणि ललित निबंध असे हे चार भिन्न प्रकार आहेत. निवडीमागे एकच हेतू होता. एकाच उबदार स्थितीत वाचली असता ही पुस्तके त्या स्थितीशी कसा व्यवहार करतात, हे पाहावयाचे होते.

३

वाचकाच्या शारीरिक सुखाचा प्रश्न सौंदर्यशास्त्राने बहुधा दारातूनच परत पाठवला आहे. कांटने १७९० च्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत भेद केला. सुखदाचा आनंद इंद्रियांशी आणि व्यक्तीच्या हितसंबंधाशी जोडलेला असतो, तर सौंदर्याचा आनंद हितसंबंधनिरपेक्ष असतो, अशी ही भूमिका आहे. तिच्या आधारे पाहता रजईची ऊब आणि कवितेचे सौंदर्य या दोन वेगळ्या कोटींतल्या गोष्टी ठरतात आणि प्रश्न तेथेच मिटतो. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त कलाकृतीच्या घटनेकडे पाहतो, वाचकाच्या बैठकीकडे पाहण्याचे त्याला कारणच पडत नाही. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराच्या लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिने या प्रश्नाला थोडी जागा करून दिली. कलानुभव कधीच पूर्णतः अलौकिक नसतो, हे मान्य केले की वाचकाचे लौकिक शरीरही विचारकक्षेत येते. पण तिचा हा धागा पुढे कोणी फारसा ओढला नाही.

रोलां बार्थ यांनी १९७३ च्या ‘संहितेचे सुख’ या अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तिकेत सुखाची संहिता आणि आत्यंतिक आनंदाची संहिता असा भेद केला. पहिली वाचकाला तृप्त करते, संस्कृतीशी त्याचे नाते तुटू देत नाही आणि आरामशीर वाचनाशी तिचे सख्य असते. दुसरी त्याला अस्वस्थ करते, त्याच्या अभिरुचीचा आणि भाषेचा आधार काढून घेते. हा भेद आपल्या प्रश्नाला उपकारक आहे, पण तो पुरेसा नाही. बार्थ यांचा वाचक मुळात एकटाच आहे. तो तृप्त होवो की विस्कटो, खोलीत दुसरे कोणी नाही. मराठी वाचनपरंपरेचा ज्यावर पिंड पोसला, ते सामूहिक श्रवण या भेदात बसत नाही.

या संदर्भात सर्वांत साहाय्यकारी विचार दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरमधून येतो, हे विशेष आहे. नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी तिसरे ‘निजसुखादिविवशीभाव’ हे आहे. जो स्वतःच्याच सुखादींनी विवश झाला आहे, त्याची संविद् दुसऱ्या वस्तूत कशी विसावणार, असा त्याचा आशय. प्रेक्षागृहात आलेला माणूस घरातले सुख वा दुःख बरोबर घेऊन आला, तर नाट्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या दृष्टीने उबदार वाचन हे रसाचे साधन नसून विघ्न आहे. हिवाळी वाचनाच्या गोड आठवणीत अनेकदा पुस्तकाचे नाव विसरलेले असते आणि खोली, चहा, पांघरूण तेवढी लक्षात राहिलेली असतात. विघ्न सिद्ध झाल्याचा याहून वेगळा पुरावा नको.

मात्र अभिनवगुप्त येथेच थांबत नाही. या विघ्नाच्या निवारणाचा जो उपाय तो सांगतो, त्याकडे मराठी रसचर्चेत व्हावे तेवढे लक्ष गेलेले नाही. इंद्रियसुख वर्ज्य करा, असे तो म्हणत नाही. उलट वाद्ये, गायन, सुशोभित मंडप यांसारख्या रंजक विषयांचा आश्रय घ्यावा, असे सांगतो. अट एवढीच की, हे विषय साधारण असावेत, म्हणजे सर्वांनी एकत्र भोगण्याजोगे असावेत. अशा उपरंजनाने ज्याला हृदय नाही, तोही निर्मळ होऊन सहृदय बनतो, असा त्याचा विश्वास आहे. म्हणजे सुख आणि रस यांच्यात विरोध नाही. विरोध आहे तो खाजगी सुख आणि रस यांच्यात. वाटून घेतलेले सुख माणसाला स्वतःच्या बाहेर आणते, एकट्याचे सुख त्याला आत कोंडते.

आपल्या व्यवहारातील शब्दांत हा भेद सांगावयाचा तर तो रजई आणि शेकोटी यांतला आहे. दोन्हींपासून ऊब मिळते. रजई शरीराचीच ऊष्णता शरीराला परत देते. शेकोटीची ऊब बाहेरून येते, तिच्याभोवती बसणाऱ्याला सरकून दुसऱ्यासाठी जागा करावी लागते, आणि ती फार जवळ गेल्यास भाजते. साहित्यकृतीपासून मिळणारी ऊब यांपैकी कोणत्या जातीची आहे, हा समीक्षेचा प्रश्न असला पाहिजे.

४

‘गाथासप्तशती’त माघातल्या थंडीची एक गाथा आहे. एक शेतकरी अंगावरचे पांघरूण विकतो आणि बैल घेतो. थंडीचे काय, तर श्यामल पत्नीच्या वक्षाकडे पाहून त्याला धूर नसलेल्या निखाऱ्याचा भरवसा वाटतो. गाथेचा विषय एवढाच. परंपरेने तिच्याकडे शृंगाराची चतुर उक्ती म्हणून पाहिले आहे, आणि ती तशी आहेही. नागर रसिकाने ग्रामीण माणसाच्या भोळ्या हिशेबाला हसावे, अशी सोय तिच्यात केलेली आहे.

पण हा हिशेब भोळा आहे काय? माघात पांघरूण विकणारा माणूस ते का विकतो, हा प्रश्न गाथा उघडपणे विचारत नाही. पण तो प्रश्न काढून घेतला तर गाथा उरत नाही. बैलावाचून पुढचा हंगाम नाही, आणि बैल घेण्यासाठी घरात विकण्याजोगे दुसरे काही नाही. ज्या वेळी पांघरुणाची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी ते विकावे लागते. शृंगार हा या आर्थिक वस्तुस्थितीवर घातलेला अलंकार नव्हे. उरलेली ऊब एका माणसाकडेच आहे, हे त्या शेतकऱ्याने केलेले व्यवहारी मूल्यमापन आहे. ‘ऋतुसंहारा’तील बंद गवाक्षांच्या घरात विस्तवही आहे, वस्त्रेही आहेत आणि प्रियाही आहे. गाथेत पहिल्या दोन गोष्टी नाहीत, म्हणून तिसरीला वेगळे वजन आले आहे.

बैल हा ज्या मुलखात आजही केवळ वर्णनाचा विषय नाही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा लाकडी बैलांनी भरवण्यासाठी जे गाव ओळखले जाते, तेथे ही गाथा वाचताना हसू थोडे उशिरा येते. वाचनाचे स्थान अर्थनिर्णयात भाग घेते, हे वाचककेंद्री समीक्षा सिद्धान्त म्हणून सांगतेच. येथे त्याचा अर्थ असा की, शृंगार आणि दारिद्र्य यांपैकी वाचक आधी काय पाहतो, हे तो कोठे बसून वाचतो यावर काही अंशी ठरते. उबदार वाचकाला गाथा प्रथम विनोद म्हणून भेटते. तिचे मोठेपण यात आहे की, ती तेथेच संपत नाही. चतुर उक्तीच्या उपरंजनाने ती वाचकाला जवळ बोलावते आणि मग त्याच्या अंगावरच्या पांघरुणाची किंमत त्याला विचारते.

५

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते दिवस माघातले होते. तुरुंगातील माघ कोणाला उबदार असण्याचे कारण नाही. अशा ठिकाणी मराठीतले कदाचित सर्वांत ऊबदार मानले गेलेले पुस्तक जन्माला आले, ही गोष्ट त्याच्या रचनेकडे पुन्हा पाहण्यास भाग पाडते.

या पुस्तकाविषयीची चर्चा बहुधा अश्रूंभोवती फिरते. एक पक्ष त्या अश्रूंना पावित्र्य देतो, दुसरा पक्ष त्यांना भावविवशता म्हणतो. दोन्ही पक्ष आशयाकडे पाहतात आणि कथनव्यवस्थेकडे दुर्लक्ष करतात. पुस्तकातील प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर मंडळी जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. श्रोते प्रश्न विचारतात, थांबतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मध्येच गावातली माणसे येऊन बसतात. म्हणजे पुस्तकाने स्वतःभोवती श्रोत्यांचे एक वर्तुळ आखून ठेवले आहे. कोठडीत बसलेल्या लेखकाने प्रथम निर्माण केली ती ऐकणारी माणसे, आणि त्यांच्या सान्निध्यात मग आई. पोथीच्या श्रवणाची जुनी व्यवस्था येथे छापील पुस्तकाच्या आत आणली गेली आहे.

या वर्तुळात बसून वाचले, तर या पुस्तकातील अश्रूंचे स्वरूप बदलते. श्याम रडतो तेव्हा ऐकणारेही गहिवरतात, पण गोष्ट संपल्यावर ते उठतात आणि आपापल्या कामाला लागतात. अश्रू ही तेथे वाटून घेतलेली गोष्ट आहे. एकट्याने पांघरुणात वाचणाऱ्या वाचकाला मात्र ते अश्रू स्वतःच्याच चांगुलपणाचा पुरावा वाटू लागतात. आपण रडलो, म्हणजे आपण चांगले, असा तो निष्कर्ष असतो. निजसुखाचा हा सर्वांत सूक्ष्म प्रकार होय. ‘श्यामची आई’वर भावविवशतेचा जो आरोप होतो, तो बऱ्याच अंशी या पुस्तकाच्या एकान्त वाचनावर व्हावयास हवा, असे मला वाटते. पुस्तक जसे ऐकावयास सांगते तसे आपण ते ऐकत नाही आणि मग त्यालाच हळवे म्हणतो.

वर्धा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या श्रवणव्यवस्थेचे आणखी एक उदाहरण सहज आठवते. विनोबांनी ‘गीताई’ची रचना ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात, म्हणजे एका संपूर्ण हिवाळ्यात केली. संस्कृत गीता न समजणाऱ्या आईची इच्छा तिच्या मुळाशी होती. हा मजकूर डोळ्यांनी वाचण्याआधी तोंडाने म्हणावयाचा आहे, हे त्याच्या समश्लोकी रचनेतूनच स्पष्ट होते. म्हणणारा एकटा असला तरी तो समुदायाच्या लयीत असतो.

६

‘धग’ हे या वाचनातील सर्वांत कठीण प्रकरण होते. उद्धव शेळके यांच्या या कादंबरीच्या शीर्षकातच आपला प्रश्न दडलेला आहे. ऊब आणि धग यांचा विस्तव एकच असतो, अंतर तेवढे वेगळे. एका अंतरावर जी ऊब असते, तीच दोन पावले पुढे गेल्यावर धग होते. वाचकाने विस्तवापासून किती अंतरावर बसावे, हे कोण ठरवते? वाचक की कादंबरी?

कौतिक ही या कादंबरीची नायिका आहे. कर्तृत्वहीन नवरा महादेव, मुलगे भीमा आणि नामा, मुलगी यसोदी हा तिचा संसार. मजुरी करून, मन मारून, कोणापुढे हात न पसरता तो उभा ठेवण्याची तिची धडपड, आणि महादेवच्या महारोगानंतर त्या धडपडीचे हळूहळू निरर्थक होत जाणे, असा कादंबरीचा प्रवास आहे. मराठी समीक्षेने या कादंबरीची वाखाणणी केली ती प्रामुख्याने दोन कारणांसाठी : वऱ्हाडी बोलीचा समर्थ वापर आणि दारिद्र्याचे निर्विकार, अलिप्त चित्रण. ही दोन्ही वैशिष्ट्ये खरी आहेत. पण ती वेगवेगळी सांगितली जातात, आणि त्यांच्यातील संबंध अनुच्चारित राहतो. तो संबंध अभिनवगुप्ताच्या उपरंजनाच्या कल्पनेने उलगडतो, असे माझे म्हणणे आहे.

‘धग’मधील संवाद वाचकाला सुख देतात, हे आपण संकोचाने मान्य करतो. दारिद्र्याच्या कादंबरीत सुख कसले, असे वाटून आपण त्याला ‘वास्तवदर्शन’ म्हणतो. वास्तविक बोलीचे ते सुख अस्सल आहे. भांडणातला नेमकेपणा, टोमण्यातली धार, लेकराला समजावतानाचा हेल आणि दुःखातही न सुटणारी म्हण यांत एक उघड रंजकता आहे. ही रंजकता कोणा एकाच्या मालकीची नाही, तो एका मुलखाचा साधारण ठेवा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला ती ओळखीची म्हणून आणि इतरांना नवी म्हणून जवळ ओढते. वाचक नकळत मोठ्याने वाचू लागतो. बोली डोळ्यांनी वाचता येत नाही, ती कानांना द्यावी लागते, आणि कानाला दिली की वाचन एकट्याचे राहत नाही. अशा रीतीने कादंबरी वाचकाला रजईतून काढून शेकोटीजवळ आणते.

एकदा तो तेथे बसला की, शेळके अंतर कमी करू लागतात. निवेदन कोठेही आवाज चढवत नाही. कौतिकच्या बाजूने ते रदबदली करत नाही, महादेवचा न्यायनिवाडाही करत नाही. अन्य कादंबरीकाराने जेथे करुणेची सोय केली असती, तेथे येथे पुढचे काम, पुढचा दिवस, पुढचा खर्च येतो. वाचकाला रडण्यासाठी थांबावयाला जागाच ठेवलेली नाही. ‘श्यामची आई’त अश्रू वाटून घेतले जातात. ‘धग’मध्ये ते वेळेअभावी राहून जातात. बोलीच्या सुखाने जवळ आलेल्या वाचकाला आता मागे सरता येत नाही आणि जी ऊब वाटत होती, ती धग आहे, हे कळते. बोलीची रंजकता आणि निवेदनाची अलिप्तता ही अशी एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. पहिलीशिवाय दुसरी कोरडा अहवाल झाली असती, दुसरीशिवाय पहिली ग्रामीण गंमत. विसाव्या शतकातील पुष्कळ ग्रामीण कथा या दुसऱ्या धोक्यात सापडल्या. बोलीचे उपरंजन त्यांनी पत्करले, पण वाचकाला ज्यासाठी जवळ बोलावले ते त्यांच्याजवळ नव्हते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. उबेत बसून ‘धग’ वाचणे हाच मुळात एक दांभिक प्रकार आहे, असे कोणी म्हणू शकेल. शेतात पाणी देणारा बाहेर कुडकुडत असताना त्याच्याच दुःखाची कादंबरी पांघरुणात वाचणे म्हणजे दुःखाचा उपभोग घेणे होय, असा हा आक्षेप आहे. तो गंभीर आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या मध्यमवर्गीय स्वीकारासंबंधी १९७० नंतरच्या दशकांत झालेल्या वादांच्या मुळाशी तो होताच. परंतु या आक्षेपातून जो अपराधभाव निर्माण होतो, तोही नीट पाहिला पाहिजे. ‘निजसुखादि’ या पदातील ‘आदि’ महत्त्वाचा आहे. विवश करणारे सुखच असते असे नाही, स्वतःचे दुःख, स्वतःची लाजही विवश करते. आपल्या उबेची लाज वाटणारा वाचक शेवटी कौतिककडे पाहत नाही, तो स्वतःच्या लाजेकडे पाहत असतो. सुखावलेला वाचक आणि ओशाळलेला वाचक, दोघेही एकाच विघ्नाने ग्रस्त आहेत. फरक एवढाच की, दुसऱ्याला आपण विघ्नमुक्त झाल्याचा भास होतो. कादंबरीला यांपैकी काहीच नको आहे. तिला लक्ष हवे आहे. कौतिकने आज काय केले, किती मिळवले, कोणाला काय उत्तर दिले, एवढे पाहणारे लक्ष.

७

‘ऋतुचक्र’ या सर्व वाचनात एखाद्या उघडलेल्या खिडकीसारखे आले. चैत्रापासून बारा महिने एकेक करून न्याहाळणाऱ्या या पुस्तकात ऋतू हा माणसाच्या मनःस्थितीचा आरसा नसून स्वतंत्र अस्तित्व असलेली वस्तू आहे. दुर्गाबाई झाडाचे नाव घेतात, पानाचा रंग पाहतात, संस्कृत काव्य आणि लोककथा त्यांना आठवतात, पण ही स्मरणे समोरच्या पानाला झाकत नाहीत. हिवाळी वाचनाचे रूढ चित्र थंडीला खिडकीबाहेर ठेवते आणि तिचा उपयोग आतले सुख वाढवण्यापुरता करते. ‘ऋतुचक्रा’त थंडी हीच पाहण्याची गोष्ट आहे. निसर्गाविषयी असे निर्व्याज लक्ष देता येते, तर माणसांविषयी का देता येऊ नये, असा प्रश्न ‘धग’नंतर हे पुस्तक वाचताना पडतो. कदाचित लक्ष देण्याची ही सवय आधी झाडांवर करून मग माणसांकडे वळावे लागत असेल.

चारही पुस्तकांच्या वाचनातून निष्पन्न होणारा विचार थोडक्यात असा मांडता येईल. वाचनाची ऊब ही समीक्षेने झटकून टाकण्याची गोष्ट नव्हे. ती आस्वादाची एक पूर्वस्थिती आहे आणि तिच्याशी प्रत्येक साहित्यकृती काही ना काही व्यवहार करते. काही कृती तिला केवळ दुजोरा देतात. वाचक जेथे होता, तेथेच त्याला अधिक आरामात बसवतात. त्यांचा विसर वसंतापूर्वी पडतो. काही कृती तिला धिक्कारतात आणि वाचकाला लाजवून सोडतात. त्यांचा परिणाम अधिक काळ टिकतो, पण तो वाचकाच्या स्वतःविषयीच्या विचारातच टिकतो. थोड्या कृती मात्र त्या उबेचे रूपान्तर करतात. गाथेतील चतुर उक्ती, ‘श्यामची आई’तील श्रोत्यांचे वर्तुळ, ‘धग’मधील बोली ही या रूपान्तराची तीन साधने आहेत. तिन्ही साधारण आहेत, म्हणजे सर्वांच्या मालकीची आहेत. म्हणूनच त्यांना वाचकाचे खाजगीपण मोडता येते.

यावरून मूल्यमापनाचा एक निकष सुचतो. कृती किती सुख देते किंवा किती अस्वस्थ करते, यापेक्षा ती कोणासाठी जागा करावयास लावते, हे पाहावे. हा निकष रूपवादी समीक्षेला बाह्य वाटेल आणि सामाजिक बांधिलकीच्या समीक्षेला पुरेसा कठोर वाटणार नाही. पण तो कृतीच्या घटनेतूनच सिद्ध होतो आणि तिच्या घटनेच्या आधारानेच तपासता येतो. ‘धग’मधील बोली आणि अलिप्तता यांचे नाते रूपाचेच नाते आहे, कौतिकपर्यंत वाचक त्या नात्यावरूनच पोहोचतो.

मराठीतील वाचन आज पूर्वीपेक्षा अधिक एकाकी झाले आहे. पोथी लावणारी गावे कमी झाली, मोठ्याने वाचण्याची सवय घराघरांतून गेली, आणि पडद्यावर वाचणाऱ्याला शेजारच्याला पान दाखवण्याचीही गरज उरलेली नाही. अशा काळात एकान्त वाचनाच्या सुखाचा गौरव करणे सोपे आहे आणि त्याची निंदा करणे त्याहूनही सोपे. समीक्षेचे काम या दोहोंच्या पलीकडचे आहे. पुस्तकाच्या आत जी शेकोटी पेटलेली असते, तिच्याभोवती कोण कोण बसले आहे, आणि कोणाला अजून जागा मिळालेली नाही, हे तिने सांगावे.